ग्वाग्वा कशी आहे?

आदरणीय (आणि लहानपणापासून जिची थोडी भीतीच वाटत आली त्या) ओर्तेन्सियामावशीस,

लुस्मिलाचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तू म्हणालीस की उजवा बरा झाला पण आता डाव्याने संप पुकारलाय. मलम पाठवते आहे. ते गुडघ्यालाच लाव, मागच्या वेळी काकांनी गायीच्या खुराला लावून संपवलं तसं नको. गाय व्याली का? चुलीमागची क्वी (इकडे त्यांना गिनीपिग म्हणतात आणि खायचं सोडून लाडाने पाळतात) किती उरली, की लग्नाच्या जेवणात सगळी भाजून खाल्ली? आईकडे अधूनमधून डोकावत जा. देवळातल्या घंटेची दोरी तुटली होती ती बदलली का, तेही कळव. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी खुशाल नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ पडलंय आणि मी शाल काढून ठेवून हे पत्र लिहिते आहे, यावरून काय ते समज.

तुला ठाऊकच आहे की मी कासा आल्मेंद्रो नावाच्या संस्थेत काम करते. (तू बाजारात 'आमची लुस्मिला तिकडे वकील आहे' असं सांगत फिरतेस असं कानावर आलं. नको सांगूस. परवा आपल्या आसोगेसहून एका गृहस्थाने जमिनीच्या भांडणाची सतरा कागदपत्रं पाठवली.) संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आपली स्पॅनिश बोलणारं कोणीही यावं, शाळेचं पत्र, घरमालकाची नोटीस, दवाखान्याचा कागद, जे काही असेल ते माझ्यासमोर ठेवावं आणि विचारावं, हे काय म्हणतंय? मग मी सांगते की ते काय म्हणतंय. बहुतेक वेळा ते काहीतरी वाईटच म्हणत असतं. माझ्या टेबलावर 'समुदाय समन्वयक' अशी पाटी आहे. त्याचा अर्थ असा की फोन मी उचलते, फॉर्म मी भरते, रडणाऱ्याला पाणी मी देते आणि संध्याकाळी कॉफीचं भांडंही मीच घासते. तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

आमच्या संचालिका मिग्दालियाबाई. पोर्तो रिकोच्या. मनाने सोनं आहे बाई, उपाशी माणूस दिसला की स्वतःचा डबा देऊन टाकतात (आणि मग माझा खातात). पण आवाज असा की त्या वर बोलायला लागल्या की खालचा माणूस टायरमध्ये हवा भरायचा थांबतो. त्यांचं ठाम मत आहे की देवाने आदामला शिकवली ती त्यांच्या बेटावरची स्पॅनिश, आणि आपण डोंगरातल्या लोकांनी ती घरी नेताना वाटेत निम्मी सांडली. आता मन घट्ट करून ऐक, मावशी. त्या बेटावर बसला ग्वाग्वा म्हणतात. होय, बसला. चाकं, दार, ड्रायव्हर, सगळं असलेल्या बसला. तू सात ग्वाग्वा जन्माला घातल्यास, पाठीवर बांधून वाढवल्यास, आणि ही माणसं तोच शब्द डिझेल घालून रस्त्यावरून पळवतात. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी बाई धापा टाकत वर आल्या आणि म्हणाल्या, उशीर झाला, माझी एक ग्वाग्वा गेली, आता दुसरीची वाट बघण्यात तास मोडला. बाई पन्नाशीच्या. मी आधी उभं राहून दुःख व्यक्त केलं आणि मग दुसरीबद्दल अभिनंदन केलं.

याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत माझ्या डोक्यात दोन खण तयार झाले. कचेरीच्या खणात ग्वाग्वा म्हणजे बस, घरच्या खणात ग्वाग्वा म्हणजे लेकरू. जिना चढताना एक खण उघडतो, उतरताना तो बंद होऊन दुसरा उघडतो, आणि मला वाटायचं की मी फार हुशार झाले. (हुशारीचा काय निकाल लागला ते वाचशीलच.)

आता त्या बसचं. आमच्या वस्तीतून नऊ नंबरची बस जाते, हॉस्पिटलच्या धुलाई कारखान्यावरून थेट डायलिसिसच्या केंद्रापर्यंत. आपल्याकडच्या निम्म्या बायका तिनेच कामाला जातात. आणि ब्लांका (तुला आठवेल, बिब्लियानच्या मास्तरांची थोरली, जी चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत गायची) आठवड्यातून तीन दिवस तिनेच रक्त शुद्ध करून घ्यायला जाते. तिच्याकडे गाडी नाही, न्यायला माणूस नाही, आणि बर्फातून चालत जायचं तर दोन तास. परत येताना तर तिला धड उभंही राहवत नाही. नऊ नंबर बंद झाली की ब्लांकाचं पुढे काय होणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच मोठ्याने म्हणत नव्हतं.

आणि नगरपालिकेने ती बंद करायचं ठरवलं. कारण काय, तर म्हणे प्रवासी नाहीत. प्रवासी मोजले कधी? नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात, जेव्हा कारखाना बंद, शाळा बंद, आणि देवसुद्धा जेवून आडवा झालेला असतो. बरं, जनसुनावणी तरी कधी ठेवावी? गुरुवारी दुपारी दोन वाजता. म्हणजे ज्यांची बस काढून घ्यायची त्या बायका ओल्या चादरींच्या ढिगात कमरेपर्यंत उभ्या असताना. आणि पत्राच्या शेवटी छापलंय, 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' मी ते वाक्य मिग्दालियाबाईंना तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा त्यांनी टेबलावर हात आपटला. तिसऱ्या वेळी कॉफी सांडली, ती मी पुसली.

आमच्या सभांना सात माणसं येतात. त्यातली तीन बिस्किटांसाठी, दोन ऊब मिळते म्हणून, एक फाउस्तिनोकाका (पुएब्लाचे, आमची व्हॅन चालवतात, खोल्या झाडतात) आणि एक मी. सात माणसं घेऊन गेलो तर बस जाणार हे उघड होतं. तेव्हा मिग्दालियाबाई म्हणाल्या की या खेपेला पत्रक असं लिहायचं की दगडालाही पाझर फुटला पाहिजे. आणि त्यांनी ते स्वतः लिहिलं. तसंच्या तसं देते: 'ग्वाग्वा वाचवा! तिला आता फक्त आपलाच आधार आहे. गुरुवारी दुपारी दोन वाजता नगरभवनात या. उशीर केलात तर ती कायमची जाईल.' यावर बसचं एक चित्र असतं तरी हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण बाईंच्या भाचीने, जी कॉलेजात चित्रकला की कायसं शिकते, संगणकावर बस काढली ती पावाच्या लादीसारखी दिसायला लागली, म्हणून तिने ती काढून टाकली आणि जागा भरायला दोन ओंजळींत धरलेलं एक लाल हृदय टाकलं. त्या मुलीला मी अजून भेटलेले नाही. भेटेन.

छापायच्या आधी पत्रक माझ्याकडे तपासायला आलं. मी त्या वेळी वीज कंपनीच्या फोनवर चाळीस मिनिटं तेच ते संगीत ऐकत होते. मी एक स्वल्पविराम घातला, एका अक्षरावरचं चिन्ह दुरुस्त केलं आणि 'छान' असं लिहून परत दिलं. मावशी, मी, आसोगेसची लुस्मिला, जिने पाच भावंडं पाठीवर वागवली, तिने 'ग्वाग्वा वाचवा' हे शब्द डोळ्यांनी वाचले आणि तिच्या डोळ्यांपुढे बस आली. मिग्दालियाबाईंवर मी चिडलेय ती चिडलेच आहे, पण या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करायला तयार नाही.

पत्रकं तीनशे निघाली. बेकरीत, कपडे धुवायच्या दुकानात, पार्सलवाल्याकडे, चर्चच्या दारावर. सोमवारी लागली आणि सोमवारीच फोन सुरू झाले. एका बाईने दबक्या आवाजात विचारलं, ग्वाग्वा कशी आहे? मला राग आला. (मला वाटलं, वर्षानुवर्षं जिच्यात बसून जातेस तिची अवस्था तुला माहीत नाही?) मी म्हटलं, कशी असणार बाई, सकाळी सुरू व्हायलाच अर्धा तास लावते, मधेच खोकते, मागून काळा धूर सोडते, आणि साहेब लोक म्हणतात आता हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. तिकडे ती बाई हमसून हमसून रडायला लागली. मी फोन ठेवून मिग्दालियाबाईंना सांगितलं की लोकांमध्ये जागृती येतेय. त्या म्हणाल्या, शब्दांत ताकद असते, पोरी.

मंगळवारी दुलया यायला लागल्या. लहान लहान, चौकोनी. मग लोकरीची टोपरी, पायमोजे, दुधाची बाटली. कोणी दारात ठेवून जायचं, कोणी माझ्या हातात कोंबून डोळे पुसत जिना उतरायचं. मला वाटलं चर्चने थंडीचे कपडे गोळा करायची मोहीम काढली आणि नेहमीप्रमाणे आम्हाला कळवलं नाही, म्हणून मी ते सगळं जिन्याखाली रचत गेले आणि चर्चला मनातल्या मनात नावं ठेवत गेले. फाउस्तिनोकाकांनी एक टोपरं बोटावर घालून बघितलं आणि विचारलं की बस वाचवायची आहे तर या बायका हे का आणतायत. मी म्हटलं, काका, थंडी आहे. त्यांनी टोपरं परत ढिगात ठेवलं. त्यांच्या गावाकडे बसला ज्या शब्दाने हाक मारतात त्या शब्दाने आपल्याकडे मालट्रक ओळखतात, त्यामुळे कोण कशाला काय म्हणतं हे विचारणं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय.

गुरुवारी नगरभवनाच्या पायऱ्या दिसेनात, इतकी गर्दी. दोनशे तर सहज असतील. सगळ्या आपल्याकडच्या बायका, कारखान्याच्या निळ्या झग्यात, वरून शाल. पाळी अर्ध्यावर टाकून आलेल्या. (मुकादम दारापर्यंत मागे धावला होता म्हणे. कोणी वळूनही बघितलं नाही.) कोणाच्या हातात कोंबडीच्या रश्शाचं पातेलं, कोणाकडे सताप्याच्या जुड्या, कोणाकडे मेणबत्त्या. आणि सगळ्यांच्या पुढे तार्हेलियाआजी. तू ओळखत नाहीस तिला. सत्तरीची, कान्यारच्या वरच्या बाजूची, कारखान्यात चादरींच्या घड्या घालते, आणि वस्तीत कुठलंही मूल दचकून रडायला लागलं की दृष्ट काढायला तिलाच बोलावतात. दारावरच्या पहारेकऱ्याने तिच्या पिशवीतून अंडं काढलं आणि मला विचारलं, हे कशाला? मलाही तोच प्रश्न पडला होता. मी म्हटलं, दुपारचं जेवण. मिग्दालियाबाई मात्र सातव्या स्वर्गात होत्या. माझा दंड दाबून म्हणाल्या की तीस वर्षांत असा सहभाग मी पाहिला नाही.

आत सात सभासद एका ओळीत बसलेले, मधे अध्यक्ष डनलेवी, घड्याळाकडे डोळा ठेवून. आधी एका सभासदाने तक्ते दाखवले. मग मिग्दालियाबाई बोलल्या, इंग्रजीत, उत्तम बोलल्या, आणि अध्यक्षांनी जांभई तळहाताखाली लपवली. मग जनतेपैकी कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं. तार्हेलियाआजी उठली. भाषांतर करायला मी तिच्या शेजारी, हातात माइक. आजीने माइककडे बघितलंच नाही. ती त्या सात जणांकडे बघून बोलली.

"मला तिची आई माहीत नाही. कुठल्या गावची तेही माहीत नाही. माझी दोन गेली. दवाखाना चार तासांवर होता आणि न्यायला काही नव्हतं. तेव्हा मी एकटी होते, ओट्यावर बसून राहिले. आज आम्ही इतक्या जणी आलोय. ही जगलीच पाहिजे. तुम्ही असे नुसते बसून राहू नका."

तिची आई, हे ऐकून मी आधी मनात म्हटलं, बसला कुठली आई? आणि पुढच्या क्षणी, मावशी, डोक्यातला घरचा खण धाडकन उघडला. दुलया, टोपरी, दुधाची बाटली, रडणारा फोन, धूर (देवा, मी त्या बाईला धुराचं सांगितलं होतं), अंडं. सात सभासद माझ्याकडे बघतायत. मागे दोनशे बायका श्वास रोखून उभ्या. तिसऱ्या रांगेत ब्लांका, दंडावर पट्टी, नुकतीच केंद्रातून आलेली, चेहरा मेणासारखा. मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर ते सात जण हसले असते. पोट धरून हसले असते, चांगली माणसं असूनही. या बायका मान खाली घालून पायऱ्या उतरल्या असत्या आणि पुन्हा कधीही, कुठल्याही पत्रकासाठी, जिन्याची एक पायरी चढल्या नसत्या. आणि बस गेली असती.

तेव्हा मी भाषांतर केलं. आईचं वाक्य गिळलं. माझी दोन गेली, दवाखाना चार तासांवर होता, न्यायला काही नव्हतं, आज आम्ही आलोय, हे सगळं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. शेवटी 'ही' आलं तिथे म्हटलं, ही बस. कचेरीतल्या खणातून काढून दिला तो अर्थ. त्याला खोटं म्हणायचं असेल तर पोर्तो रिकोच्या सगळ्या बेटालाच खोटं म्हण. डनलेवींनी घड्याळ बाहीत सारलं. मग आजीने मला हळूच विचारलं, ती कुठंय, तिच्यावरून उतरवते. मी म्हटलं, इथे नाही गं आणलेली. आजीने जरा विचार केला, पुढे गेली, आणि पिशवीतलं अंडं काढून अध्यक्षांच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, छातीवरून सात वेळा उतरवलं. म्हणाली, दगड इथे बसलाय, तो आधी काढायला हवा. हे मी भाषांतरित केलं नाही. डनलेवी डोळे मिटून बसून राहिले, एखादं मूल आईकडून तोंड पुसून घेतं तसे. मग मतं पडली. पाच विरुद्ध दोन. नऊ नंबर राहिली.

बाहेर पायऱ्यांवर आजीने माझा हात धरला. तिचे हात चादरींच्या वाफेने कायमचे गरम असतात.

"जगली?"

"जगली, आजी."

तिने तिथेच बर्फात गुडघे टेकले. तिच्या मागे सगळ्या. ब्लांकासुद्धा, तिला दोघींनी धरून खाली बसवलं. मी मध्यभागी एकटी उभी, कोर्टाच्या पायरीवर चोर उभा असावा तशी. मग प्रश्न सुरू झाले. आता कुठे आहे? बघायला मिळेल का? आई सापडली का? मी म्हटलं, इथली हवा तिला मानवत नाही, गावाकडे पाठवली. कुठे? आसोगेसला. आसोगेसला कोणाकडे? (मावशी, दोनशे तोंडं. विचार करायला उसंत नव्हती.) पुढचं तुला वेगळं लिहिते.

आता संताप. दुसऱ्या दिवशी मी मिग्दालियाबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई खजील होतील. बाई म्हणाल्या, तुम्ही डोंगरातल्या लोकांनी चांगल्या धडधाकट बसचं मूल करून टाकलं. आम्ही? आम्ही केलं? मी म्हटलं, बाई, देवाने जन्माला घातलेल्या लेकराला चाकं लावली ती तुमच्या बेटाने. त्या म्हणाल्या, शब्दकोश आण. आणला. शब्दकोशात दोन्ही अर्थ, आणि दोन्हींपुढे 'प्रांतिक' असं लिहिलेलं. त्याने तर दोघींचंही डोकं आणखी फिरलं. आवाज इतका चढला की खालच्या माणसाने वर येऊन विचारलं, पोलिसांना बोलावू का. फाउस्तिनोकाका झाडू टेकवून म्हणाले, "बस वाचली, लेकरू वाचलं, आता मेलंय कोण म्हणून एवढा आकांत चाललाय?" त्यांच्यावरही आम्ही दोघी ओरडलो.

आणि कळस ऐक. बाईंनी देणगीदारांना अहवाल लिहिला. त्यात लिहिलंय की 'लाभार्थींच्या स्वतःच्या भाषेत, त्यांच्या काळजाला भिडेल असे संदेशन केल्यामुळे' उपस्थिती सातावरून दोनशेवर गेली. आता त्यांना राजधानीत परिषदेला बोलावलंय, या विषयावर भाषण द्यायला. मला म्हणाल्या, तूही चल, पत्रक तपासलंस ना. वर त्यांनी एक दुसरं पत्रक तयार केलं होतं: 'खुलासा. ग्वाग्वा म्हणजे बस.' ते मी त्यांच्या हातातून घेतलं आणि चार तुकडे केले. नऊ वर्षांत प्रथमच मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. म्हटलं, हे भिंतीवर लागलं तर माझं टेबल रिकामं समजा. त्या म्हणाल्या, खोटं किती दिवस टिकवणार, पोरी? मी म्हटलं, तुमची बस टिकली ना? बाईंनी स्वतः उठून कॉफीचं भांडं घासलं. वाईट घासलं, पण घासलं.

मला खरा राग कशाचा आलाय, तो अजून लिहिलाच नाही. स्वतःच्या बससाठी, स्वतःच्या पायांसाठी, शेजारच्या ब्लांकासाठी बोलावलं तर सात येतात, कारण आपल्यासाठी कोणाकडे काही मागायचं म्हणजे लाज वाटते. आणि कधी न पाहिलेल्या, जन्मालाही न आलेल्या लेकरासाठी दोनशे जणी कामावरचा खाडा पत्करून, रस्सा शिजवून येतात. अशा माणसांवर चिडायचं तरी कसं? मी दोन आठवडे प्रयत्न करतेय. आणि रोज सकाळी यातल्या चार-पाच जणी नऊ नंबरच्या बसमधून उतरतात, जिना चढून वर येतात, आणि बर्फ झटकत मला विचारतात, ग्वाग्वा कशी आहे?

पत्र फार लांबलं. काकांना नमस्कार, सगळ्या पोरांना पापे. गुडघ्याची काळजी घे.

तुझीच,
लुस्मिला

ता.क. या पत्राबरोबर पार्सलवाला दोन मोठी गाठोडी देईल. त्यात त्रेपन्न दुलया, टोपरी आणि पायमोजे आहेत. घाबरू नकोस. गावात ज्यांच्या घरी पाळणा हलतोय त्यांना वाटून टाक, पण वाटण्याआधी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला विसरू नकोस.

ता.क. २. आणि फोटोत मधोमध एक लेकरू ठेव. मुलगी हवी. नऊएक महिन्यांची, गुटगुटीत, मनगटाला लाल दोरा. तुमच्या रोसाल्बाची मुलगी घेऊ नकोस, पोरीचे कान काकांसारखे आहेत, लगेच ओळखू येतील. बाळाचं नाव नुबे. (मी नाही ठेवलं, बायकांनी ठेवलं, आपल्या ढगांतल्या देवीवरून.) पायऱ्यांवर मला विचारलं, आसोगेसला कोणाकडे, तेव्हा माझ्या तोंडातून तुझं नाव गेलं. तू आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस हे मला माहीत आहे. फादरपुढे कबुली द्यायची वेळ आली तर माझं नाव सांग, आणि त्यांना ग्वाग्वाचा बेटावरचा अर्थही सांग.

ता.क. ३. आताच कळलं म्हणून लिफाफा पुन्हा उघडला. फोटो आता पुरणार नाही. तार्हेलियाआजीला बावीस वर्षांनी कागदपत्रं मिळाली आहेत आणि ती ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गावी येते आहे. मी म्हटलं, आजी, आधी तुझं घर बघ, शेत बघ. म्हणाली, ते कुठे पळत नाही, आधी आसोगेसला उतरून नुबेला बघते. मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं, मावशी, शपथेवर सांगते. पण ती पिशवीतून तिने विणलेलं झबलं काढून दाखवत होती, आणि बाह्या लांब ठेवल्यात म्हणाली, म्हणजे वर्षभर पुरेल. तेव्हा ती दारात आली की तिला ईस्टरचं फानेस्का सूप वाढ, जास्त काही विचारू नकोस, आणि कोणाचं तरी लेकरू तिच्या मांडीवर दे. रडकं असलं तरी चालेल, ती गप्प करते.